परत गेलेल्यांच्या रेघा

देगलूरला आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. मृग जवळ आला की बाबा डीएपीची तीनशे पोती मागवायचे. लागणार असायची दीडशे. "तीनशे मागितली तर दीडशे येतेत," हा त्यांचा हिशेब. मला त्यात हुशारी दिसायची. पुढे मी हैदराबादला एमबीएला आले, पुरवठा साखळी आणि कार्यव्यवस्थापन हा विषय घेतला, आणि ती हुशारी किती महाग पडते ते पहिल्याच सत्रात कळलं.

वर्गात आम्ही एक खेळ खेळलो. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६० च्या सुमारास जे फॉरेस्टर यांच्याकडे तयार झालेला हा खेळ मुळात बिअरच्या खोक्यांचा. आमच्या मॅडम म्हणाल्या, खोक्यांत उस्मानिया बिस्किटं आहेत असं समजा. टेबलाभोवती चौघं : किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त मागणीची चिठ्ठी पुढे सरकवायची. चिठ्ठी पोचायला दोन आठवडे, माल यायला आणखी दोन. मी कारखाना होते. आधी चारचार खोक्यांच्या चिठ्ठ्या, मग बारा, वीस, एकदा तर चाळीस. मी धडाधड माल काढला, आणि तो तयार होईतो चिठ्ठ्यांवर शून्य यायला लागलं. शेवटी मॅडमनी गिऱ्हाइकांची पानं उलटून दाखवली. पहिले चार आठवडे चार खोकी, पाचव्यापासून आठ, आणि शेवटपर्यंत आठच. गिऱ्हाईक एकदाच बदललं होतं. बाकीचा सगळा गोंधळ आम्ही चौघांनी घातला होता.

याला 'बुलव्हिप' म्हणतात. आसुडाची मूठ जराशी हलते, टोक मात्र सपकन फिरतं. हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली त्याची चार कारणं मांडली : अंदाज ताणणं, मागण्या साठवून एकदम पाठवणं, भावातली चढउतार, आणि टंचाईच्या भीतीनं वाढवून मागणं. चौथं कारण वाचताना मला आमच्या दुकानाचं शटरच दिसलं. बाबांची भीती खोटी नव्हती. वाफसा कुणासाठी थांबत नाही. पण गावातले सगळेच दुकानदार दुप्पट मागत असतील तर वरच्या माणसाला खरा आकडा कळणार कसा? एका वर्षी पाऊस लांबला आणि नेमकी तीनशेच्या तीनशे पोती आली. माल गोदामात, व्याज डोक्यावर. त्या दिवाळीत घरात कपडे आले नाहीत.

या विषयात ट्रक आणि गोदामंच शिकवत असतील असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात संख्याशास्त्र बरंच आहे, रांगांचं गणितही आहे. मेसमध्ये मिनिटाला सहा मुलं येत असतील आणि प्रत्येक जण पंचवीस मिनिटं थांबत असेल, तर आत सरासरी दीडशे जण असणारच. हा जॉन लिटल यांचा नियम. खुर्च्या एकशेवीस असतील तर स्वयंपाक्यावर चिडून काय उपयोग?

पण माझं मन रमतं ते माहितीच्या प्रवासात. हैदराबादच्या उत्तरेला जीनोम व्हॅलीत लशी तयार होतात. बहुतेक लशी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. अनेक कुप्यांवर एक वर्तुळ असतं आणि त्यात फिकट चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होतो. वर्तुळाइतका गडद झाला की कुपी वापरायची नाही. वाटेत काय सोसलं ते लसच खेड्यातल्या परिचारिकेला सांगते. मला हे फार सुंदर वाटतं.

आमच्या दुकानात खत विकताना आधार नंबर घेणारं यंत्र आहे. विकलेलं प्रत्येक पोतं त्यात नोंदलं जातं. पण रिकाम्या हातानं परत गेलेला शेतकरी त्यात कुठेच नसतो, आणि मागणी तर त्याचीही होती. मागच्या मृगात मी बाबांना फोनवर म्हटलं, "जे परत जातील त्यांचीही नोंद ठेवा. किती पोती हवी होती, तेवढ्या रेघा मारा."

"परत गेलेल्याचं काय लिहायचं, बाई?" म्हणाले. पण वहीच्या मागच्या पानावर रेघा सुरू झाल्या. आठवड्यानं फोन आला तेव्हा त्यांनी वारानुसार आकडे वाचून दाखवले : सोमवारी चार, मंगळवारी अकरा, बुधवारी दोन. गुरुवारी पाऊस होता, म्हणाले, दुकानात कुणी आलंच नाही.