खिदमतीआधी स्वतःची तयारी

2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला. भंडारा शहरातल्या सखल वस्त्या आणि नदीकाठची गावं पाण्याखाली गेली. मुहर्रमचे दिवस, त्यात कोरोनाची साथ. अशा वेळी मदत करावी असं सगळ्यांनाच वाटतं. पण नुसतं वाटणं वेगळं आणि खिदमतीच्या लायक असणं वेगळं. ही लायकी पुराच्या दिवशी अचानक येत नाही, ती आधीच कमवावी लागते.

पवित्र कुरआनात याची दोन सुंदर उदाहरणं आहेत. हजरत मूसा (अ.) मदयनच्या पाणवठ्यावर परके म्हणून पोहोचले. दोन मुलींच्या जनावरांना त्यांनी पाणी पाजलं, मोबदला मागितला नाही आणि सावलीत जाऊन अल्लाहकडेच हात पसरले. पुढे त्यांतल्या एकीने वडिलांना सुचवलं, यांना कामावर ठेवा; हे ताकदवान आहेत आणि अमानतदारही. हजरत यूसुफ (अ.) यांनी मिस्रच्या खजिन्याची जबाबदारी मागताना स्वतःचे दोनच गुण सांगितले: जपणूक आणि ज्ञान. म्हणजे दोन्हीकडे इमानदारी आणि कुवत सोबतच आहेत. एकाच गुणावर भागत नाही.

कुवत म्हणजे फक्त दंडातलं बळ नव्हे. पोहता येणं, प्रथमोपचार माहीत असणं, पूर ओसरल्यावर विहिरीचं पाणी शुद्ध कसं करायचं हे आरोग्य सेवकाकडून शिकून घेणं, नुकसानभरपाईचा अर्ज नीट भरून देणं, हीसुद्धा कुवतच. आपल्या तरुणांनी हे आजच शिकायला हवं.

अमानतीची परीक्षा हिशोबात होते. जकातीचे आठ प्रकारचे हकदार कुरआननेच ठरवून दिले आहेत, म्हणून जकातीची वही वेगळी आणि इतर मदतीची वेगळी हवी. तांदळाची पोती किती आली, कुठे गेली, हे कुणीही विचारलं तर लगेच दाखवता आलं पाहिजे.

तिसरा गुण इखलास. भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो. भांडं बाहेरून कितीही चकाकलं तरी आतून कल्हई नसेल, तर त्यातलं ताक कळकतं. नियतचंही तसंच आहे. मदत घेणाऱ्याचा फोटो काढून फिरवला, की त्याच्या पदरात धान्यासोबत लाजही पडते. दिखाव्याची नमाज आणि शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तूही नाकारणं, या दोन्हींचा निषेध सूरह माऊनमध्ये एकत्रच आला आहे, हे विसरून कसं चालेल?

आणि सब्र. घर वाहून गेलेला माणूस चिडतो, कधी आपल्यावरच ओरडतो. ते ऐकून घेणं हीही खिदमतच.

सुरुवात लहान असू द्या. आपल्या मोहल्ल्यात एकटे राहणारे म्हातारे, आजारी लोक कोण आहेत, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, याची या जुम्म्यापर्यंत माहिती करून घेऊ या. पाणी वाढलं की सर्वात आधी कोणाचं दार ठोठवायचं, हे तेव्हा शोधावं लागणार नाही. अल्लाह आपल्याला या कामाची तौफीक देवो. आमीन.