एकाच केबलमधली तीन जाळी

कुकटपल्लीच्या केपीएचबी कॉलनीत गल्लोगल्ली हॉस्टेलं आहेत. कोर्ससाठी, नोकरीसाठी आलेली मुलंमुली तिथे राहतात, त्यात आपली नांदेड-लातूरकडची मंडळीही भेटतात. खोली बघताना आपण पाणी, जेवण, वाय-फाय सगळं विचारतो. जिन्यातल्या कॅमेऱ्याचं चित्र कोणाकोणाला दिसतं, हे कोणी विचारत नाही.

नेटवर्किंग हे माझं रोजचं काम. इथल्याच एका मुलींच्या हॉस्टेलात मी गेले, तेव्हा चार मजल्यांवर चार साधे स्विच होते आणि तळमजल्यावरून प्रत्येक मजल्याला एकेक केबल. वॉर्डनचे संगणक, मुलींचं वाय-फाय आणि कॅमेरे सगळे एकाच जाळ्यात. म्हणजे वाय-फायचा पासवर्ड ज्याच्याकडे, त्याच्या मोबाइलवर कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरचं लॉगिनचं पान उघडायचं. पाहुणा असो की नेट दुरुस्त करायला आलेला माणूस. मालकीणबाई म्हणाल्या, मग कॅमेऱ्यांसाठी वेगळी केबल ओढायची का? पाइपात जागा नव्हती, आणि गरजही नव्हती.

साधा स्विच 'सगळ्यांसाठी' आलेली हाक सगळ्या पोर्टांवर पोचवतो. व्हीलॅनमध्ये आपण त्याला सांगतो की हा पोर्ट १० चा, हा २० चा, हा ३० चा. मग १० ची हाक १० च्याच पोर्टांवर जाते. एका डब्यातले जणू तीन स्विच. एका मजल्यापुरतं हे सोपं आहे. खरी अडचण मजल्यामजल्यांतल्या केबलवर येते, कारण तिथून तिन्ही जाळ्यांची माहिती एकत्र धावते. पलीकडच्या स्विचला कसं कळणार कुठली कोणाची?

लग्नाचं सामान एकाच टेम्पोतून जातं तेव्हा आपण काय करतो? वरपक्षाच्या बॅगांना लाल दोरा, वधूपक्षाच्या बॅगांना हिरवा. कार्यालयावर उतरवल्या की दोरा सोडून बॅग ज्याच्या त्याच्या खोलीत. टॅगिंग म्हणजे हाच दोरा.

इथरनेटच्या फ्रेममध्ये आधी घेणाऱ्याचा पत्ता असतो, मग पाठवणाऱ्याचा, प्रत्येकी ६ बाइट. त्यानंतर स्विच ४ बाइटांचा टॅग घुसवतो. पहिल्या दोन बाइटांत ८१०० ही ठरलेली खूण, म्हणजे 'पुढे टॅग आहे'. उरलेल्या १६ बिटांपैकी ३ प्राधान्यासाठी, १ गर्दी झाल्यास फ्रेम आधी टाकून द्यायची का यासाठी, आणि १२ व्हीलॅन क्रमांकासाठी. १२ बिटांत ४०९६ क्रमांक बसतात. ० आणि ४०९५ राखीव, म्हणून वापरायला ४०९४. फ्रेमची कमाल लांबी १५१८ वरून १५२२ बाइट होते, आणि शेवटची तपासणी-बेरीज स्विच नव्याने मांडतो. हे मानक ८०२.१क्यू, साल १९९८. त्याआधी कंपन्यांच्या आपापल्या पद्धती होत्या. सिस्कोची आयएसएल तर अख्ख्या फ्रेमलाच बाहेरून वेष्टन घालायची.

टॅग लागलेली वाहतूक नेणारा पोर्ट तो ट्रंक (आजीची पत्र्याची पेटी नव्हे!), आणि संगणक किंवा कॅमेरा जोडायचा तो ॲक्सेस पोर्ट. ॲक्सेस पोर्टवरून बाहेर पडताना टॅग काढला जातो, त्यामुळे कॅमेऱ्याला याचा पत्ताही नसतो. साधे स्विच हे नियम मांडू देत नाहीत. म्हणून चारही बदलले, केबल तीच ठेवली.

पण टॅग म्हणजे कुलूप नव्हे. माहिती त्याने गुप्त होत नाही. तिन्ही जाळी राउटरवर भेटतात, आणि तिथे '२० वरून ३० कडे वाट नाही' असा नियम लिहिला नाही तर वरची सगळी मेहनत पाण्यात. अनेक ठिकाणी नेमकं हेच राहून जातं. ट्रंकवर टॅगशिवाय आलेली फ्रेम 'नेटिव्ह' व्हीलॅनची धरतात, बहुतेक स्विचांवर तो क्रमांक १ असतो. कोणी मुद्दाम दोन टॅग लावून फ्रेम पाठवली, आणि बाहेरचा टॅग नेटिव्हचा असला, तर पहिला स्विच तो काढतो, आतला तसाच पुढे जातो आणि फ्रेम दुसऱ्याच्या जाळ्यात शिरते. म्हणून नेटिव्हला असा क्रमांक द्यावा, ज्यावर कोणाचाच पोर्ट नाही.

शिवाय स्विच विश्वास ठेवतो तो पोर्टवर, माणसावर नाही. जिन्यातला कॅमेरा काढून त्याच केबलला लॅपटॉप लावला, तर तो लॅपटॉप ३० चाच सदस्य ठरतो. त्यासाठी ८०२.१एक्स नावाची ओळख-तपासणी आहे. ती जमत नसेल तर निदान त्या पोर्टवर फक्त त्या कॅमेऱ्याचा हार्डवेअर पत्ता चालेल असं बांधून घ्यावं. तो पत्ताही नकली करता येतो, पण जाता-येता केबल खुपसणाऱ्याला ते जमत नाही.