हिमनदीची मोजणी आणि मुलांचा सोबती

बर्फ तर कठीण. मग हिमनदी वाहते कशी? गोमुखाचें वर्णन ऐकून घरांतल्या मुलांनीं हा प्रश्न केला, तर वडील मंडळींनीं त्यांस जॉन टिंडॉल (१८२०–१८९३) या आयरिश शास्त्रज्ञाची हकीकत सांगावी, असें आम्ही सुचवितों.

हा गृहस्थ तरुणपणीं मोजणीखात्यांत होता. पुढें शिक्षक झाला. दोन्ही विद्या कामीं आल्या. १८५७ सालीं आल्प्समधील मेर द ग्लास या हिमनदीवर त्यानें आडव्या रांगेनें खुंट्या रोंवल्या व थिओडोलाइटनें त्यांची चाल मोजली. मधल्या खुंट्या पुढें गेल्या, कांठच्या मागें राहिल्या. रांगेचें धनुष्य झालें! १८५९ च्या डिसेंबरांत तो पुन्हां गेला. थंडींतली गति उन्हाळ्याच्या सुमारें निम्मी भरली.

परंतु आम्हांस त्याचें अधिक कौतुक वाटतें तें निराळ्या कारणानें. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें नाताळांत मुलांसाठीं व्याख्यानें होतात. १८७१ सालीं तीं टिंडॉलनें दिलीं, व पुढील वर्षीं त्याच विषयावर पुस्तक काढलें. त्यांत तो बालवाचकास सोबती करून हिमनदीवर नेतो. मोजणी कशी केली तें आधीं दाखवितो, सिद्धान्त मागाहून. (व्याख्या पाठ करविणाऱ्या आमच्या पंतोजीवर्गानें हा क्रम पाहण्याजोगा आहे.) बर्फाचे तुकडे साच्यांत दाबले असतां पुन्हां सांधतात, यावरून त्यानें प्रवाहाची उपपत्ति बसविली. ती आज मागें पडली आहे: बर्फाचे स्फटिकच भाराखालीं हळूहळू आकार बदलतात व हिमनदी तळच्या खडकावरून घसरतेही, असें आतां मानतात. मोजमापें मात्र टिकलीं. त्या हिमनदीचा पृष्ठभाग आज टिंडॉलच्या वेळेपेक्षां कितीतरी खालीं गेला आहे. त्यामुळें त्यांची किंमत वाढलीच म्हणावयाची.