थंडीतली जायफळाची कॉफी

मराठी घरांत थंडीची कॉफी म्हटली की जायफळ आलंच. दोन कपांसाठी दीड कप दूध, अर्धा कप पाणी आणि जिभेला रुचेल तेवढी साखर उकळायची. जायफळ किसण्यापेक्षा सहाणेवर दुधाच्या थेंबात पाच-सहा वळसे उगाळलेलं बरं. कण दातात येत नाहीत. त्याचा सुवास उडून जाणाऱ्या तेलांचा असतो. म्हणून विकतची पूड डब्यात पडून भुशासारखी होते आणि दुधात फार वेळ उकळलेलं जायफळही वाया जातं. ते शेवटी घालावं, गॅस बंद करून मग इन्स्टंट कॉफी ढवळावी, वर मिनिटभर झाकण. हात मात्र आखडताच हवा: चिमूट पुरते. चमचा-दोन चमचे पोटात गेले तर मळमळ, चक्कर, भ्रमसुद्धा होतो.

गूळ घालायचा तर पातेलं उतरवल्यावर. गूळ किंचित आंबट असतो, उकळत्या दुधात पडला की दूध फाटण्याची भीती. तमिळनाडूच्या सुक्कु कापीत ही भानगडच नाही, कारण तिच्यात बहुधा दूध नसतं. सुंठ, धणे, मिरी भरड कुटून ताडगुळाबरोबर पाण्यात पाचेक मिनिटं उकळतात आणि गाळतात. गंमत म्हणजे नावात कापी असूनही कॉफीची पूड बरेच जण घालतच नाहीत. घातलीत तर अर्धा चमचा पुरे, नाहीतर सुंठेचा झणका हरवतो.

फेसाची हौस असेल तर कॉफी आणि साखर थेंबभर पाण्यात फिकी होईतो घोटा; मनगट दुखतं, पण फेस टिकतो.