बंदूक हातात का थांबत नाही?

पोलिसांचा वार्षिक गोळीबार सराव उरकला, की पुढच्या आठवड्यात आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत दोन-तीन जण तरी येतात. तक्रार ठरलेली असते: "सर, कानात शिट्टी वाजतेय." यंदा आलेले हवालदार पंचेचाळिशीचे होते. डाव्या कानाची शिट्टी सांगून झाल्यावर त्यांनी उजवा खांदा चोळला आणि जरा ओशाळून म्हणाले, "सर, रायफलचं काही नाही वाटत. पण कार्बाइन हातात थांबतच नाही. पहिली गोळी निशाण्यावर, दुसरी वर, तिसरी कुठं गेली देवाला ठाऊक. वय झालं का आता?"

वय झालेलं नव्हतं. त्यांच्या मज्जासंस्थेला जे जमणं शक्यच नाही, त्याबद्दल ते स्वतःला दोष देत होते.

आपल्याकडे बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या खांद्याला जी आखूड, भोकाभोकांच्या नळीची बंदूक लटकलेली दिसायची, जिला आपण सरसकट 'स्टेनगन' म्हणत आलो, ती बहुधा ब्रिटिश स्टर्लिंग घाटाची ९ मिलिमीटरची कार्बाइन असते. कानपूरच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षं बनली. वजन पावणेतीन किलोच्या आसपास, आणि वेग मिनिटाला साधारण ५५० गोळ्या. गोळी फक्त ८ ग्रॅमची, पण ती सेकंदाला ४००च्या आसपास मीटर वेगानं सुटते. गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते, हा शाळेतला न्यूटन. हिशेब केला तर सलग गोळीबारात या बंदुकीचा मागचा रेटा सरासरी तीन किलो वजनाच्या दाबाइतका भरतो. तीन किलो म्हणजे भाजीची पिशवी. तेवढं कुणीही पेलेल.

अडचण रेट्याच्या आकड्यात नसून तो कुठून येतो आणि किती झटपट येतो यात आहे. नळी वर असते, तिला धरणारी मूठ तिच्या खाली. म्हणजे धक्का मुठीच्या वरून जातो आणि दाराला बिजागरीपासून लांब ढकलावं तसं बंदुकीचं तोंड वर फिरतं. स्टर्लिंगसारख्या बंदुकीत आणखी एक खोड असते. चाप ओढला की आतला जड बोल्ट आधी धाडकन पुढे जातो आणि मगच काडतूस पेटतं. गोळी सुटण्याआधीच नेम हललेला असतो.

आता शरीराकडे या. हाताला धक्का बसला, तो मेंदूला कळला, मेंदूनं ठरवलं आणि स्नायूंनी जाणीवपूर्वक उत्तर दिलं, या फेरीला चपळ माणसालाही साधारण १५० मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ५५०च्या वेगात दोन गोळ्यांमधलं अंतर जेमतेम ११० मिलिसेकंद आहे. हेक्लर अँड कॉखच्या एमपी-५मध्ये, जिचा वेग ८००च्या घरात आहे, ते ७५ मिलिसेकंद होतं. म्हणजे पहिल्या धक्क्याला तुम्ही हातानं उत्तर देईपर्यंत दुसरी गोळी गेलेली असते. पाठीच्या कण्यातून चालणारा ताणाचा प्रतिक्षेप, गुडघ्यावर हातोडी मारून आम्ही तपासतो त्याच जातीचा, ३०-४० मिलिसेकंदांत येतो खरा, पण तो आंधळा असतो. त्याला निशाणा ठाऊक नसतो.

मग सराईत माणूस बंदूक आवरतो कशी? तो धक्क्याला उत्तर देतच नाही, धक्क्याआधीच तयार असतो. शरीर किंचित पुढे झुकलेलं, दस्ता खांद्यात घट्ट, दोन्ही हातांचे समोरासमोरचे स्नायू एकाच वेळी आवळलेले. असे परस्परविरोधी स्नायू एकदम आवळले की सांधा ताठ स्प्रिंगसारखा वागतो आणि मेंदूची वाट न पाहता धक्का पचवतो. बसमध्ये उभ्यानं प्रवास करणारा कंडक्टर हेच करत असतो.

या बंदुकांना गेल्या शंभर वर्षांत जी उपकरणं जोडली गेली, ती पाहताना मला नेहमी वाटतं की ती बंदुकीसाठी नसून आपल्या संथ मज्जातंतूंसाठी आहेत. दस्ता हा शरीराशी तिसरा सांधा. पुढची उभी मूठ म्हणजे लांबवलेली तरफ. अमेरिकेत थॉमसन गनच्या नळीला १९२०च्या दशकात कट्स कम्पेन्सेटर बसू लागला. त्याच्या वरच्या फटींतून गरम वायू वर उसळतो आणि नळीला खाली दाबतो. १९७६ साली एमपी-५ आखूड करून 'के' आवृत्ती आली तेव्हा दस्ता काढला गेला आणि पुढे उभी मूठ आली. त्या मुठीला पुढच्या बाजूनं एक ओठ आहे. कशासाठी? धक्क्यात हात घसरून नळीच्या तोंडासमोर जाऊ नये म्हणून. कुणीतरी कारखान्यात बसून बोटांचा विचार केला, याचं शल्यचिकित्सा विभागात हात शिवलेल्या माणसाला कौतुक वाटतं.

आता उलटी गंमत बघा. बंदूक जितकी छोटी करावी, तितकी ती बेलगाम होते. इस्राएलची मूळ उझी साडेतीन किलोची, मिनिटाला ६००च्या आसपास गोळ्या झाडणारी. तिची मायक्रो आवृत्ती दीड-दोन किलोची. बोल्ट हलका झाला, त्याची धाव आखूड झाली, म्हणून वेग थेट १,२००च्या आसपास गेला. दोन गोळ्यांमध्ये ५० मिलिसेकंद. वजन निम्मं आणि रेटा दुप्पट.

ऑक्टोबर २००८मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये बंदुकांच्या एका जत्रेत आठ वर्षांच्या मुलाच्या हातात हीच मायक्रो उझी दिली गेली. समोर भोपळा ठेवला होता. बंदूक वर उसळली, मागे वळली आणि गोळी त्याच्याच डोक्यात गेली. त्याचे वडील जवळच उभे होते. ते स्वतः इमर्जन्सी विभागाचे डॉक्टर होते. ही बातमी वाचली त्या रात्री मी कॅज्युअल्टीच्या ड्यूटीवर होतो आणि मला त्या वडिलांचा विचार सोडवत नव्हता.

सहा वर्षांनी, ऑगस्ट २०१४मध्ये, ॲरिझोनातल्या एका पर्यटकांच्या फायरिंग रेंजवर नऊ वर्षांच्या मुलीनं उझीतून आधी एक सुटी गोळी झाडली. ती नीट गेली. मग प्रशिक्षकानं बंदूक सलग गोळीबारावर लावली. बंदूक वर आणि डावीकडे उसळली, आणि डावीकडे प्रशिक्षकच उभा होता. तो वाचला नाही.

दोन्ही वेळी मोठ्या माणसांनी एकच गोष्ट गृहीत धरली: काही बिनसलं तर मूल चाप सोडेल. पण मोठा आवाज आणि धक्का यांनी माणूस दचकतो, आणि दचकल्यावर अंग आखडतं, मूठ उघडत नाही, आवळते. चाप त्याच मुठीत असतो. मुद्दाम चाप सोडायला पाचएकशे सोडा, दोनशे मिलिसेकंद लागले तरी तेवढ्यात मायक्रो उझीतून आणखी चार गोळ्या गेलेल्या असतात. लहान मुलाच्या शरीराचं वजन, मनगटाची ताकद, पुढे झुकून उभं राहण्याची सवय, यातलं काहीच त्या बंदुकीच्या मापाचं नसतं. भारतात स्वयंचलित शस्त्रं १९५९च्या शस्त्र कायद्यानं सामान्य नागरिकांना निषिद्ध आहेत. डॉक्टर म्हणून मला त्यात काहीही उणं वाटत नाही.

पुण्याच्या 'एआरडीई' या संशोधन संस्थेनं महूच्या इन्फंट्री स्कूलबरोबर 'अस्मि' नावाची ९ मिलिमीटरची मशीन पिस्तूल तयार केली, ती जानेवारी २०२१मध्ये जाहीर झाली. वरचा भाग विमानात वापरतात त्या प्रतीच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, चापाचे काही भाग धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगनं केलेले. हलकं शस्त्र दिवसभर वागवणाऱ्या जवानाच्या कंबरेला आणि मानेला सुख आहे, यात शंका नाही. पण हलकेपणाची किंमत धक्क्यात मोजावी लागते, हा न्यूटन पुण्यातही चुकत नाही.

कानाचं राहिलंच. बंदुकीच्या आवाजाचं शिखर साधारण १५५ ते १६५ डेसिबलपर्यंत जातं, आणि १४०च्या वरचा एकच बार कानाला इजा करू शकतो. नळी आखूड असली की बार कानाच्या जवळ होतो. वायू वर-बाजूला सोडणारी उपकरणं नेम सुधारतात, पण शेजारी उभ्या असलेल्याच्या कानावर तोच वायू आदळतो. सायलेन्सर २०-३० डेसिबल कमी करतो, म्हणजे सिनेमातल्या 'फुस्स'पेक्षा कितीतरी मोठा आवाज उरतोच. हा सायलेन्सर हायरम पर्सी मॅक्सिमनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणला. त्याचे वडील हायरम मॅक्सिम हे मशीनगनचे जनक, आणि उतारवयात ते ठार बहिरे झाले होते. त्यांना दम्यासारख्या ब्राँकायटिसचा त्रास होता, म्हणून त्यांनी वाफ हुंगण्याचं एक यंत्रही काढलं. मशीनगनबद्दल त्यांचा गौरव झाला आणि इनहेलरबद्दल मात्र त्यांना वैदू म्हणून हिणवलं गेलं. याची खंत त्यांनी लिहून ठेवली आहे.

आमच्या हवालदारांची श्रवणचाचणी केली. आलेखात ४,००० हर्ट्झपाशी खाच होती, डाव्या कानात जास्त. उजव्या खांद्यावर शस्त्र लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, उजव्यावर डोक्याची सावली पडते. दरवेळी हेच चित्र दिसतं. माणसाच्या प्रत्येक कानात जन्मतः पंधराएक हजार केशपेशी असतात. पक्ष्यांच्या मेल्या तर पुन्हा उगवतात, आपल्या उगवत नाहीत.

"कानात काय घातलं होतं?"

"कापूस, सर."

कापसाचा बोळा जेमतेम काही डेसिबल अडवतो. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे बोळे बोटांनी वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर-मागे ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. नीट बसले तर २०-३० डेसिबल अडवतात. शिट्टी सुरू झाली तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच दाखवायला यावं. उशीर झाला की आमच्या हातातही फारसं काही उरत नाही. आणि सराव झाल्यावर हात साबणानं धुतल्याशिवाय डबा उघडू नये, काडतुसाच्या टोपीत शिशाचं संयुग असतं.

हे सगळं त्यांनी निमूट ऐकलं. तीन आठवड्यांनी परत आले. शिट्टी बरीच कमी होती, खाच तिथंच होती. खांद्याबद्दल विचारलं तर म्हणाले, आता पुढे झुकून उभा राहतो, दोन-दोन गोळ्यांत थांबतो. निघताना दारातून परत वळले.

"सर, ते फोमचे बोळे लिहून द्याल का कागदावर? मेडिकलवाल्याला मला नीट सांगता येत नाही. आणि सहा जोड लिहा. बाकीच्यांनाही हवेत."