मधली अकरा वर्षे

शेजारची सून परवा संध्याकाळी फाइल घेऊन आली. "काका, बुधवारी मुलाखत आहे. बालवाडीत मदतनीस शिक्षिकेची जागा. पण मधली अकरा वर्षं काय सांगू?" लग्नाआधी ती दोन वर्षे शिकवत होती. मग मुले, सासूबाईंचे आजारपण.

बँकेत असताना मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला मीही बसलो आहे. अर्जात अशी मोकळी जागा दिसली की आमच्या भुवया वर जात. आज त्याची लाज वाटते.

"माफी मागू नकोस," मी म्हटले. "रडणाऱ्या मुलाला कशी शांत करतेस?"

"आधी त्याच्याजवळ खाली बसते. लगेच बोलत नाही."

"हेच सांग!"

लीलाताई पाटलांनी आपल्या कोल्हापुरात १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढले, तेव्हा त्यांची साठी जवळ आली होती. धाक न दाखवता, अनुभवातून शिकवायचे, हा त्यांचा आग्रह. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला. म्हणजे बालवाडीतली बाई आता नुसती मुले सांभाळणारी नव्हे.

तिला दोन कामे दिली: एखाद्या बालवाडीत परवानगी घेऊन तासभर बसायचे आणि चार बडबडगीते हावभावांसह घोकायची.

दारात ती थबकली. "काका, पगाराचं विचारू?"

"विचार. न लाजता विचार."

अकरा वर्षे तिला ते कुणी विचारूच दिले नव्हते.