चार पंजांखालची जमीन

माझ्या मावसबहिणीनं पुण्यात कुत्र्यांच्या ग्रूमिंगसाठी एक छोटा गाळा भाड्यानं घेतला. पहिलं गिऱ्हाईक होतं एक शिह त्झू. जमिनीवर असेपर्यंत तो शेपटी हलवत होता. नव्या कोऱ्या घडीच्या टेबलावर ठेवताच त्यानं पंजांची बोटं पसरली, नखं मॅटमध्ये रुतवली आणि पोट खाली घेतलं. "दादा, अजून कंगवासुद्धा लावला नाहीये रे," ती म्हणाली. मी टेबलाच्या कडेवर तळहात टेकवला, तेव्हा उलगडा झाला. टेबल थरथरत होतं. डोळ्यांना दिसू नये इतकंच, पण कुत्र्याला ते माझ्याआधी कळलं होतं.

तेव्हापासून ग्रूमिंगचं टेबल मी कुत्र्याच्या बाजूनं, म्हणजे खालून वर, बघायला लागलो.

कुत्र्याच्या तळव्याची गादी म्हणजे वर जाड, खरबरीत कातडी आणि आत चरबीचा थर. त्या कातडीत मज्जातंतूंची टोकं असतात, त्यामुळे पायाखालचा दाब आणि कंप तिथेच टिपला जातो. आपल्यासारखा पातळ घाम कुत्र्याला येतो तो मुख्यतः याच तळव्यांना. म्हणून घाबरलेला कुत्रा जनावरांच्या डॉक्टरांच्या स्टीलच्या टेबलावर ओले ठसे उमटवतो. गुळगुळीत पत्रा, त्यावर ओलसर पंजा: पाय घसरतो, घसरला की भीती वाढते आणि भीती वाढली की आणखी घाम. रबराची मॅट हे चक्र तोडते. मॅट बारीक दाणेदार असावी असं माझं मत आहे. खोल रेघांच्या मॅटमध्ये केस आणि साबण अडकतात आणि दिवसातून चार वेळा त्या रेघा खरवडत बसावं लागतं.

मुळात कुत्रा टेबलावर उभा तरी का राहतो? खाली उडी मारणं त्याला कठीण नसतं. याचं एक उत्तर १९६०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सापडतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी जाड काचेचं टेबल केलं. अर्ध्या भागात काचेला लागूनच चौकड्यांचं कापड आणि उरलेल्या अर्ध्यात तेच कापड खूप खाली. काच दोन्हीकडे सलग, पण नजरेला मधोमध कडा दिसे. रांगती बाळं, करडं, कोकरं, मांजरीची आणि कुत्र्याची पिल्लं यांच्यावर हा प्रयोग झाला आणि बहुतेकांनी खोल दिसणारी बाजू टाळली. ग्रूमिंगचं टेबल याच जाणिवेवर उभं आहे. कड दिसते, म्हणून कुत्रा थांबतो. उंची हाच त्याचा पट्टा. पण कड दिसत असतानाच पायाखालची जमीन हलू लागली, तर याच जाणिवेची दहशत होते. टेबलावर कुत्र्याला बांधून ठेवणारा गळ्याभोवतीचा लूप ही भीती घालवू शकत नाही. उलट घाबरून उडी मारलेल्या कुत्र्याला त्याच लूपचा फास बसू शकतो, म्हणून लूपमधल्या कुत्र्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही.

स्वस्त टेबल शोधताना आपण आधी किंमत बघतो, मग वर लिहिलेली वजनाची क्षमता. माझ्या लेखी त्याआधी दोन गोष्टी बघायला हव्यात.

पहिली, पाय कुठे टेकतात. समजा, वरची फळी ९० सेंटीमीटर लांब आहे आणि पाय दोन्ही टोकांपासून १५ सेंटीमीटर आत आहेत. टेबलाचं वजन १२ किलो. ते मधोमध, म्हणजे पायांच्या रेषेपासून ३० सेंटीमीटरवर काम करतं. आता ३० किलोच्या लॅब्राडॉरनं उडीच्या तयारीत सगळा भार टोकाकडे नेला आणि तो पायांच्या रेषेबाहेर १२ सेंटीमीटरवर एकवटला, तर एका बाजूला १२ गुणिले ३०, दुसऱ्या बाजूला ३० गुणिले १२. तराजूचा काटा अगदी मधोमध! कुत्र्यानं जरा जोर लावला की टेबल कलंडलं. शंभर किलो पेलण्याची क्षमता इथे कामाला येत नाही. पाय फळीच्या टोकापर्यंत किंवा त्याहून थोडे बाहेर फाकलेले हवेत.

दुसरी गोष्ट त्रिकोणाची. चार पट्ट्या खिळ्यांनी जोडून चौकोन करा, हलका धक्का द्या, तो तिरपा होतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण मात्र पट्टी वाकल्या-तुटल्याशिवाय हलत नाही. आमच्या पहिल्या टेबलाच्या पायांत एकही तिरपी पट्टी नव्हती. दुकानात टेबल बघायला गेलात तर वरची मॅट नंतर बघा. आधी कडेवर हात ठेवून आडवा धक्का द्या आणि थरथर किती वेळ टिकते ते बघा.

टेबलाच्या उंचीबद्दल मला सगळ्यात नवल वाटलं ते कुत्र्याच्या खांद्याचं. आपल्यासारखं धड गळपट्टीचं हाड त्याला नसतं. पुढचे पाय धडाला हाडाच्या सांध्यानं जोडलेलेच नाहीत, ते फक्त स्नायूंनी बांधलेले असतात. शरीराच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर, आणि छाती दोन खांद्यांच्या मधोमध झोळीसारखी टांगलेली! हे पाय पुढे-मागे सहज जातात, बाजूला ओढले की दुखतात. टेबल बुटकं असलं की नखं कापणारी माणसं नकळत पाय वर आणि बाहेर ओढतात. काम आपल्या कोपराच्या आसपास आलं, तर तोच पाय अंगाखाली नुसता दुमडून धरता येतो.

मोठ्या कुत्र्यांचा प्रश्न आपल्या पाठीचा आहे. ३० किलोचं जनावर कमरेपासून ४० सेंटीमीटर पुढे धरलं, तर मणक्यामागच्या स्नायूंना ते जेमतेम ५ सेंटीमीटरच्या तरफेवर तोलावं लागतं. म्हणजे आठपट ओढ, २४० किलो! हायड्रॉलिक टेबल हे ओझं तेलावर टाकतं. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे सतराव्या शतकात ब्लेझ पास्कालनं मांडलं आणि १७९५मध्ये जोसेफ ब्रामानं त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं. लहान दट्ट्या, मोठा दट्ट्या, मध्ये तेल. मोठ्याचं क्षेत्रफळ दसपट असेल तर बळही दसपट, फक्त पायानं पॅडल पुन्हापुन्हा दाबावं लागतं. सलूनची खुर्ची अशीच वर जाते. पण हायड्रॉलिक टेबलाची किंमत साध्या टेबलाच्या कितीतरी पट. येणारी कुत्री बहुतेक शिह त्झू, पॉमेरेनियन असतील, तर सुरुवातीला ते घेऊ नये. अधूनमधून येणाऱ्या लॅब्राडॉरसाठी रबर लावलेला, कमी चढाचा लाकडी उतार करावा. कुत्रा स्वतःच्या पायांनी वर येतो आणि वर येताना टेबलाची ओळखही करून घेतो.

बहिणीनं शेवटी ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून सांगाडा करून घेतला. चौकोनी लोखंडी पाइप, दोन्ही बाजूंना तिरप्या पट्ट्या, वर पाण्यानं न फुगणारा प्लाय आणि मॅट. घडी होत नाही, पण गाळ्यात घडी करायची तरी कशाला? ते टेबल आणून ठेवलं आणि पुन्हा डुगडुगलं. सांगाडा भक्कम होता, शहाबादी फरशी उंचसखल होती.

इथे गणितातली एक फार सुंदर गोष्ट कामी आली. चौरसात चार सारखे पाय असलेलं टेबल सलग उंचसखल जमिनीवर ठेवलं, चढउतार फार तीव्र नसले, तर ते जागच्या जागी फिरवत गेल्यावर पाव फेऱ्याच्या आत कुठेतरी चारही पाय टेकतात. कारण साधं आहे. आत्ता तीन पाय टेकलेत आणि चौथा अधांतरी आहे. तेच तीन पाय टेकलेले ठेवून पाव फेरा केला, तर प्रत्येक पाय शेजारच्या जागी जातो आणि तोच चौथा पाय आता जमिनीच्या आत रुतायला हवा. वरून आत जाताना मधे एकदा तरी तो बरोबर जमिनीवर असणारच. आयताकृती टेबलांसाठीही गणितज्ञांनी हे सिद्ध केलंय, मात्र तिथे अर्ध्या फेऱ्यापर्यंत जावं लागू शकतं. फरशीच्या सांध्यांवर जमीन सलग नसते, त्यामुळे आमच्या गाळ्यात याची हमी नव्हती.

आम्ही दोघांनी दोन कडा धरल्या आणि टेबल वीतभर फिरवलं. डुगडुग कमी झाली. आणखी चार बोटं सरकवलं, आणि ती थांबली. पुढच्या वेळी तोच शिह त्झू आला. त्यानं पंजा टेकवला, बोटं पसरली, थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग बोटं हळूहळू मिटली.